ताईचा दात आईला

१

हे सगळं सुरू झालं ते एका मंगळवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी.

वेळ एवढी नेमकी ठाऊक असायचं कारण म्हणजे अनुजा तेव्हा घड्याळाकडेच बघत बसली होती. सकाळी ठाकूरद्वारच्या डॉक्टरबाईंनी तिच्या खालच्या जबड्यातलं, अगदी पुढच्या मोडक्या दाताचं मूळ काढलं होतं आणि त्याच जागी स्क्रू बसवला होता. तीन महिन्यांनी त्यावर नवा दात बसायचा होता. वर कापसाची घट्ट घडी ठेवून त्यांनी बजावलं होतं, "सव्वा वाजेपर्यंत हे दाताखाली दाबून धरायचं. बोलायचं नाही, थुंकायचं नाही आणि जिभेनं चाचपायचं तर मुळीच नाही."

म्हणून अनुजा लालबागच्या आपल्या चौदाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या स्टुलावर, तोंड मिटून बसली होती. सासूबाई गंगुबाई गोळ्या आणायला खाली गेल्या होत्या. घरात दोघीच, ती आणि साडेचार वर्षांची शमी.

अनुजाच्या मुठीत एक पुडी होती. निघताना गंगुबाईंनीच डॉक्टरबाईंकडून ते काढलेलं मूळ मागून घेतलं होतं. "आपला हाड आपल्या घराक येवक होया," म्हणाल्या होत्या. आता त्याचं करायचं काय, हे मात्र सांगायचं राहून गेलं होतं.

"आई, उंदीरमामाला दे ना," शमी म्हणाली.

खिडकीखाली, खूप खाली, आनंदीबाईच्या चाळीचं कौलारू छप्पर दिसत होतं. आजूबाजूच्या सगळ्या चाळी पाडून टॉवर झाले, ही एकच उरली होती. दुधाचा दात पडला की तो कौलावर फेकायचा आणि म्हणायचं, उंदीरमामा, माझा दात तुला, तुझा दात मला. मग नवा दात सरळ आणि बळकट येतो. गिरणगावातलं पोरन् पोर हे करून मोठं झालेलं. अनुजानं लहानपणी गावी केलेलं.

पोरीचं मन राखावं म्हणून तिनं मान हलवली, पुडी सोडून मूळ हातात घेतलं आणि खिडकीच्या जाळीतून बाहेर टाकलं. म्हणायचं तर तिला शक्यच नव्हतं. तोंडात कापूस.

मग शमीच मोठ्यानं म्हणाली, "उंदीरमामा, उंदीरमामा! माझा दात तुला, ताईचा दात आईला!"

अनुजानं जोरजोरात मान हलवली, 'उं उं' केलं. पण म्हणून झालं होतं.

टक्.

कौलावर पडल्याचा आवाज आला. नंतर अनुजा स्वतःलाच विचारत राहिली, चौदा मजले खाली, रस्त्यावर बसगाड्यांचे हॉर्न, आणि तांदळाएवढा तुकडा. त्याचा आवाज ऐकू येईल कसा? आणि आला तो कानात का नाही आला? आला तो जबड्यात.

२

ताई म्हणजे दुर्वा. अनुजाची थोरली. दुर्वा आणि शमी, बाप्पाच्या दोन पत्री, असं त्यांचे वडील स्वप्नील कौतुकानं म्हणायचे.

गेल्या वर्षी जुलैत दुर्वाचा पहिला दात पडला. खालचा, पुढचा, मधल्या दोनांतला डावा. नुकतेच ते या नव्या इमारतीत राहायला आले होते. "कौलावर टाकूया गो," गंगुबाई म्हणाल्या, तर दुर्वानं खिडकीतून वाकून बघितलं आणि नाक मुरडलं. "इथून नको. माझा दात मध्येच हरवेल. गणपतीत गावाला जाऊ ना, तेव्हा आपल्या घरावर टाकू." तोवर म्हणून अनुजानं तो देव्हाऱ्याखालच्या खणात, कुंकवाच्या डबीत ठेवला.

गणपतीला गावाला जाणं झालंच नाही. ऑगस्टात पोर तापली आणि पाच दिवसांत गेली. नवा दात यायच्या आधीच.

शेवटचे दोन दिवस काचेच्या आत ठेवलं होतं तिला. आईला सारखं आत सोडत नव्हते. दुर्वा म्हणाली होती, "मी हाक मारली की ओ दे हां आई. झोपू नको." अनुजा म्हणाली होती, "देईन गं राणी." पाचव्या दिवशी दुपारी तिला एक इंजेक्शन आणायला खाली पिटाळलं. औषधाच्या दुकानात रांग होती. धावत वर आली तोवर सगळं आटपलं होतं. नर्स म्हणाली, "आत्ता हाका मारत होती हो तुम्हाला."

अनुजा रडली नाही. घरी आणलं तेव्हा नाही, नेलं तेव्हाही नाही. तिची दातखीळ बसली. जबडा असा मिटला की पूर्वीच्या चाळीतून आलेल्या बायका घाबरल्या. कांदा हुंगवला, पाणी मारलं. शेवटी गंगुबाईंनी स्टीलचा चमचा दातांच्या फटीत घातला आणि जोर लावला. जबडा उघडला, पण खालचा एक दात मधोमध मोडला. मधल्या दोनांतला डावा. दुर्वाचा पडला होता तोच.

वर्षभर ते मोडकं टोक तसंच होतं. गंगुबाईंना ते रोज जेवताना दिसायचं. "माझ्या हातान मोडलो गो तुझो दात," त्या म्हणायच्या आणि ताटावरून उठायच्या. शेवटी त्यांनीच डॉक्टर गाठल्या. फणसवाडीत ज्या वासंतीबाईंच्या घरी त्यांनी वीस वर्षं पोळ्या केल्या, त्यांची नात ऋग्वेदा आता दातांची डॉक्टर झाली होती.

म्हणजे हा दात बसवणं अनुजासाठी कमी आणि गंगुबाईंसाठी जास्त होतं. एका म्हातारीला रोज सुखानं चार घास खाता यावेत, एवढ्यासाठी.

३

पहिले दोन दिवस सुजेचे. फडक्यात बर्फ गुंडाळून गालाला लावायचा, दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा. उशीवर उशी घेऊन झोपायचं. थंड पेज, थंड ताक, केळं कुस्करून. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्यानं अलगद गुळणी. नळीनं काही ओढायचं नाही, नाहीतर जखमेवरची गुठळी निघून येते. अनुजानं सगळं अगदी शाळेतल्या नियमांसारखं पाळलं. सातवीतून शाळा सुटली तरी नियम पाळायची सवय सुटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. तिनं शमीला जेवायला हाक मारली.

"थमी!"

तिची तीच दचकली. पुन्हा म्हणून बघितलं. "थमी. थमी, जेवायला ये."

शमी टाळ्या पिटत आली. "आई ताईसारखी बोलते! आई ताईसारखी बोलते!"

दात पडल्यावर दुर्वा असंच म्हणायची. तिला श म्हणता येत नव्हता. शेवटचा महिनाभर धाकटी बहीण घरात थमीच होती.

शेजारची प्रिती दारात उभी होती. ती हसून म्हणाली, "अगं, वारा जातो त्या फटीतून. माझ्या सासूची कवळी काढली की ती पण असंच बोलते. चार दिवस गंमत, मग होईल नीट."

अनुजाला पटलं. वर्षभर निदान मोडकं टोक तरी होतं, आता पार मोकळी जागा झाली. वारा जाणारच. फक्त तिला एकच कळेना. शेजारीण म्हणताना तिला श नीट म्हणता येत होता. शाळा, शेंगा, शिरा, सगळं येत होतं. अडत होता तो एकच शब्द.

४

दहाव्या दिवशी टाके काढायला ती ठाकूरद्वारला गेली. डॉक्टर ऋग्वेदा खूश होत्या. "इतकी सुंदर भरलेली जखम मी कमी पाहिली आहे. लहान मुलांची भरते तशी." मग त्यांनी छोटा एक्स-रे घेतला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. लगेच दुसरा घेतला.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. तुमचे दुधाचे दात सगळे पडले होते ना लहानपणी?"

"हो. सगळे कौलावर टाकले."

डॉक्टर हसल्या, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. "स्क्रूच्या खाली थोडं पांढरं दिसतंय. लहान मुलांच्या जबड्यात पुढचा दात वाट बघत असतो ना, तसं काहीसं. तुमच्या वयाला ते असायचं कारण नाही. सावली असेल."

घरी आल्या आल्या अनुजानं देव्हाऱ्याखालचा खण उघडला. कुंकवाची डबी जागेवर होती. आत कुंकू होतं. कुंकवात मध्यभागी एक इवलासा खळगा होता, जसा दाण्याखाली पडतो तसा. दाणा नव्हता.

"थमी, ही डबी उघडलीस तू?"

"नाही."

"आजी, तुम्ही?" पोरी झाल्यापासून अनुजाही सासूला आजीच म्हणायची.

"माझो हात थंय जाता काय?" गंगुबाई म्हणाल्या. "त्या खणाकडे बघूक माका धीर होणा नाय."

स्वप्नील लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून आला तेव्हा तिनं त्यालाही विचारलं. तो बूट काढता काढता थांबला. "अनु, त्या डबीचं सारखं सारखं काढू नको. कधीतरी साफसफाईत सांडली असेल. प्लीज."

सांडली असेल, तिनं मनाला सांगितलं. पण मग खळगा?

५

पुढच्या दुपारी, एक वाजून पाच मिनिटांनी, ती खिडकीशी तांदूळ निवडत होती. शमी बालवाडीतून येऊन झोपली होती. गंगुबाई देवळात. स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर तेवढी चालू होती.

अनुजाचं तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आला.

"आई."

आवाज तिचाच होता. पण ती बोलली नव्हती. तिची आई तर कधीच वारली होती, ती कुणाला आई म्हणेल?

तिनं सूप खाली ठेवलं. तोंडावर हात ठेवला. तळहाताखाली तिचे ओठ पुन्हा हलले. "आई."

तिला कापरं भरायला हवं होतं. किंचाळून प्रितीच्या दारात जायला हवं होतं. अनुजा मात्र जमिनीवर बसली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वर्षभरापूर्वी जे द्यायचं राहिलं होतं ते तिनं दिलं.

"ओ," ती म्हणाली. "ओ गं राणी."

आणि मग ती रडली. दुर्वा गेल्यापासून पहिल्यांदा. डोकं दुखेपर्यंत, तांदूळ भिजेपर्यंत.

त्यानंतर रोज ती त्या वेळेची वाट बघू लागली. एक वाजले की ती हातातलं काम टाकून खिडकीशी बसायची. कधी नुसतीच हाक यायची. कधी "आई, तहान." मग ती गार पाणी प्यायची, हळूहळू, घोट तोंडात धरून. कधी "थमी कुठाय?" जीभ लावायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी जीभ जायचीच. स्क्रूच्या टोपीशेजारी हिरडीतून काहीतरी वर येत होतं. बारीक. त्याची धार गुळगुळीत नव्हती. तिच्यावर तीन छोटे उंचवटे होते. मुलांचा नवा दात पहिल्यांदा डोकावतो तेव्हा असतो ना, करवतीसारखा, तसा.

आरशात बघायचा तिला धीर झाला नाही. आरशात दिसलं नाही तर काय करायचं, याचीच भीती.

घर सावरल्यासारखं झालं. अनुजा जेवू लागली, वेणी घालू लागली. गंगुबाई समाधानानं प्रितीला सांगत, "इस्क्रूचो दात मानवलो गो बायेक."

त्या दिवसांत शमीकडे तिचं लक्ष नव्हतं. ही गोष्ट अनुजा अजूनही कुणाला सांगताना थांबते, खाली बघते आणि मगच पुढे बोलते.

६

शमीचा पहिला दात पडला तो बालवाडीच्या डब्यात, चपातीच्या तुकड्यात. खालचा, पुढचा, मधल्या दोनांतला डावा.

"साडेचार वर्षं म्हणजे लवकरच," मुलांचे डॉक्टर म्हणाले. "पण होतं कधीकधी. कॅल्शियम द्या."

आठवड्यानं दुसरा पडला. मग वरचे दोन. रक्त नाही, दुखणं नाही. आणि पडलेला दात कुणाला सापडत नव्हता. सकाळी असायचा, दुपारी नसायचा. हिरडी मात्र लगेच मिटायची, गुळगुळीत, जशी तिथे कधी काही नव्हतंच.

शमी बडबडी पोर. जिन्यात भेटेल त्याला गाठून बोलायची. ती हळूहळू थांबली. आधी रंगांची नावं विसरली. मग प्रितीला नुसतं "ती" म्हणू लागली. बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की शमी हल्ली कोपऱ्यात बसून अंगठा चोखते. चपाती चावेना. वरणभात, मग नुसतं वरण, मग दूध. वर्षभरापूर्वी माळ्यावर टाकलेली बाटली तिनं बोटानं दाखवून मागितली.

स्वप्नील घाबरला. "अनु, हिला मोठ्या डॉक्टरकडे नेऊ. हे दातांचं नाही, डोक्याचं काहीतरी आहे."

नेलं. तपासण्या झाल्या. सगळं ठीक निघालं.

त्या दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी अनुजा शमीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. पोरीनं तिच्याकडे बघितलं. ओठ हलवले, जोर लावला. काहीतरी म्हणायचं होतं. येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

आणि अनुजाच्या तोंडून, स्पष्ट, खणखणीत, शब्द आला, "आई!"

शमी त्या तोंडाकडे बघत राहिली. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तशी.

७

त्याच संध्याकाळी अनुजानं गंगुबाईंना सगळं सांगितलं. हाक, पाणी, तीन उंचवट्यांची धार, सगळं. गंगुबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मूळ कौलार टाकलंस, तेव्हा म्हटल्यान कोणी?"

"माझ्या तोंडात कापूस होता, आजी."

"ता माका म्हायत हा. म्हटल्यान कोणी?"

"थमीनं."

"काय म्हटल्यान?"

अनुजानं सांगितलं. माझा दात तुला, ताईचा दात आईला.

गंगुबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "ज्याचो दात, त्यानाच म्हणूचा असता गो. पोरान 'माझो' म्हटल्यान."

"ती लहान आहे, आजी. तिला काय कळतं?"

"तिका नाय कळणा. ऐकणाऱ्याक कळता."

"कोण ऐकणारा?"

गंगुबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि सुनेचा हात धरला.

"काढून टाक तो दात."

"आजी, ती हाक मारते मला."

"म्हायत हा."

"मी एकदा ओ दिली नव्हती."

"बाय माझे," म्हातारी म्हणाली, आणि मालवणीही तिला पुरेना. "एक गेली. ती आपण धाडली नव्हती. पण ही जर गेली, तर ती तू धाडलीस असा होईल."

आतल्या खोलीत शमी बाटली चोखत पडली होती. त्या चोखण्याचा आवाज दोघी ऐकत राहिल्या.

८

डॉक्टर ऋग्वेदा आधी तयारच होईनात. "अहो अनुजा, अडीच महिने झाले. हाडानं किती छान धरलंय. आता काढायचं म्हणजे चांगलं हाड तोडायचं."

अनुजानं शमीला खुर्चीवर बसवलं आणि तिचं तोंड उघडून दाखवलं.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. पुढच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. मग लहान मुलांचा एक्स-रे काढला. पडद्याकडे त्या किती तरी वेळ बघत होत्या. दुधाच्या दातांखाली जे पुढचे दात वाट बघत बसलेले असतात, ते तिथे नव्हते. एकही नव्हता.

"मला काहीच कळत नाहीये," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "पण काढते."

भूल दिली. जबडा बधिर झाला, ओठ जड झाले. डॉक्टरांनी हत्यार लावलं, ते फिरेना. पुन्हा लावलं. आणि मग, त्यांनी जोर न लावताच, आतून काहीतरी सैल झालं. लहान मूल स्वतःहून हात सोडतं, तसं.

बधिर ओठांतून, जे हलायला नको होते त्या ओठांतून, अनुजाला ऐकू आलं, "आई, घरी जाऊ या ना."

डॉक्टरांनी ऐकलं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचा हात मात्र थांबला. ताटलीत स्क्रू पडला, आणि त्यामागून आणखी काहीतरी. त्यांनी झटकन त्यावर कापूस टाकला. "बघू नका."

पण वरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत अनुजाला क्षणभर दिसलं होतं. पांढरं, छोटं, वरून करवतीसारखं. आणि त्याच्या मुळाशी कुंकू लागलं होतं. रक्त नव्हे. रक्ताचा रंग तिला ठाऊक आहे.

"हे घरी न्यायचंय मला," ती कापसातून बोलली.

घरी येईतो साडेबारा झाले. एक वाजेपर्यंत कापूस दाबून धरायचा होता, तो तिनं धरला. एकला काढला. खिडकीशी गेली. मागे गंगुबाई शमीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. शमीच्या तोंडावर त्यांनी आपला हात ठेवला होता, घट्ट.

एक वाजून पाच मिनिटांनी अनुजानं पुडी उघडली. बघितलं नाही. ओठ अजून जड होते, तरी एकेक अक्षर नीट उच्चारून, स्वतःच्या तोंडानं, ती म्हणाली, "माझा दात तुला. बदल्यात मला काही नको. कुणाचंच काही नको."

मूठ मात्र उघडेना. बोटं सुटेनात. आत काहीतरी इवलंसं, कोमट होतं. तापलेल्या पोरीचा हात हातात असावा, तसं.

"सोड गो," गंगुबाई हुंदका देत म्हणाल्या. "सोड माझ्या बायेक."

अनुजानं सोडलं.

टक्.

मागे शमीनं आजीचा हात ढकलला. "आई," ती म्हणाली. तिच्या स्वतःच्या आवाजात, वापरून महिने झालेल्या, गंजलेल्या आवाजात. "आई, चपाती."

९

शमी आता बोलते. आधीपेक्षा जास्त. गेल्याच आठवड्यात तिच्या खालच्या हिरडीतून नव्या दाताचं टोक दिसलं. स्वप्नीलनं पेढे आणले. अनुजाच्या तोंडात पुढे मोकळी फट आहे आणि ती तशीच राहणार आहे. गंगुबाई आता ताटावरून उठत नाहीत. त्या फटीकडे बघतात आणि जेवतात.

पण दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी अजून खाली कौलावर आवाज होतो. टक्. कुणीतरी काहीतरी परत ठेवावं, तसा. आणि त्यामागून हाक येते. ती आता अनुजाच्या तोंडातून येत नाही. खिडकीबाहेरून येते. पहिल्या दिवशी ती खूप खालून आली होती, कौलांवरून. आता खालून नाही. आता ती बाराव्या मजल्याच्या आसपास आहे.

अनुजा खिडकी उघडत नाही. रोज एकला ती कापसाची घडी करते आणि दाताखाली दाबून धरते, सव्वा वाजेपर्यंत, डॉक्टरबाईंनी शिकवली होती तश्शी. जखम कधीच भरली आहे. कापूस हवा असतो तो दुसऱ्याच कारणासाठी. तोंड मोकळं राहिलं तर ती ओ देईल. कोणती आई देणार नाही? म्हणून ती जबडा आवळून, डोळे मिटून, शमीला पोटाशी धरून बसते, आणि बाहेरची हाक संपेपर्यंत मोजत राहते.

शमीला तिनं अजून सांगितलेलं नाही, की तिची ताई आहे बाहेर, आणि आई ऐकून न ऐकल्यासारखं करते आहे.

तिचं एवढंच सांगणं आहे, आणि हे वाचणाऱ्यांनी ते आपल्या घरात, चाळीत, बालवाडीच्या दारात उभ्या असलेल्या बायांना जरूर सांगावं. मोठ्या माणसाचा दात कौलावर टाकू नका. टाकलाच, तर आपल्या तोंडानं म्हणा, पोराच्या तोंडून म्हणवून घेऊ नका. आणि तोंडात कापूस असेल, तर तो निघेपर्यंत थांबा. दहा मिनिटंच थांबायचं असतं हो. अनुजा दहा मिनिटं थांबली नाही.